सहा पोरांचा संघ आणि पटावरचा आकडा

शाळेचा पट घटला की गावात पहिली चर्चा होते ती शिक्षक कमी होणार याची. त्यानंतर दोन वर्ग एका खोलीत बसणार याची. खेळाचे नाव कोणी काढत नाही, कारण संघ केव्हाच मोडलेला असतो. कबड्डीला मैदानात सात गडी लागतात, खो-खोला नऊ. वरच्या वर्गांत मिळून आठ पोरं असतील आणि त्यांतली दोन आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली, की गुरुजीही शिट्टी कपाटात ठेवून देतात.

शेतकरी बंधूंनो, हीच अडचण नव्वद वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या शेतकरी गावांना आली होती. त्यांनी काढलेला तोडगा आजही चालू आहे, त्यावर दरवर्षी शेकडो सामने होतात आणि राज्याचा अजिंक्यपदाचा करंडकही दिला जातो. त्या हायस्कूल फुटबॉलची ही माहिती. तिकडे हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी.

दुष्काळात निघालेली वाट

अमेरिकेचा फुटबॉल आपल्यासारखा पायाने खेळायचा नाही. अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचे किंवा आपल्या गड्याकडे फेकायचा, आणि समोरच्याच्या हद्दीतली शेवटची रेषा ओलांडायची. चार प्रयत्नांत ठरलेले अंतर कापले तर चेंडू आपल्याकडे राहतो. नाही तर समोरच्याला मिळतो. या खेळाला एका बाजूला अकरा गडी लागतात.

१९३० च्या दशकात नेब्रास्का राज्यात एकीकडे मंदी आणि दुसरीकडे दुष्काळ होता. शेतमालाला भाव नव्हता, धुळीची वादळे उठत होती, कुटुंबे गाव सोडत होती. लहान शाळांना अकरा पोरांचा संघ उभा करणे जमेना. तेव्हा हेब्रॉन गावात शिकवणाऱ्या स्टीफन एप्लर या शिक्षकाने सहा गड्यांच्या खेळाचे नियम तयार केले. पहिला सामना २६ सप्टेंबर १९३४ रोजी हेब्रॉनमध्येच रात्री दिव्यांच्या उजेडात झाला. त्यातला प्रत्येक संघ दोन-दोन गावांच्या शाळांनी मिळून केलेला होता. सामना १९–१९ असा बरोबरीत सुटला. चारही गावांची पोरं खेळली आणि कोणी हरले नाही!

एप्लर यांनी नुसते गडी कमी केले नाहीत. गडी कमी तर मैदानही कमी, हा हिशोब त्यांनी धरला. मोठ्या खेळाचे मैदान १०० वार लांब आणि ५३ वारांहून थोडे रुंद असते, म्हणजे आपल्या मापाने सुमारे ४४ गुंठे. सहा गड्यांचे मैदान ८० वार लांब व ४० वार रुंद, म्हणजे साधारण साडेसव्वीस गुंठे. मोकळे रान जास्त आणि अडवणारे कमी, त्यामुळे चार प्रयत्नांत दहाऐवजी पंधरा वार कापावे लागतात. सहाही गड्यांना चेंडू झेलण्याची मुभा आहे. एका संघाचे साठ-सत्तर गुण होणे ही काही नवलाची गोष्ट नाही. मध्यंतरानंतर एखाद्या संघाकडे ४५ गुणांची आघाडी झाली, की सामना तिथेच थांबवतात. हरणाऱ्याची उगाच फजिती नको, हा त्यामागचा विचार.

मोसम कसा चालतो

आज या खेळाचे मोठे घर टेक्सास राज्य आहे. तिथे १९३८ पासून तो खेळला जातो. सरकारी शाळांच्या स्पर्धा युनिव्हर्सिटी इंटरस्कॉलॅस्टिक लीग ही संस्था भरवते. कोणती शाळा कोणत्या वर्गात खेळणार हे ठरते पटावर. नववी ते बारावीचा पट साधारण एकशेपाचच्या आत असेल तर ती शाळा सहा गड्यांचा खेळ घेऊ शकते. त्यातही पुन्हा दोन विभाग आहेत. साठच्या आसपास रेघ मारून वरच्या शाळा एका विभागात, खालच्या दुसऱ्या विभागात. चाळीस पोरांच्या शाळेला शंभर पोरांच्या शाळेशी झुंजावे लागू नये, यासाठी ही सोय.

दर दोन वर्षांनी पट पुन्हा मोजतात आणि नव्याने गट पाडतात. जवळपासच्या शाळांचा एक गट. ऑगस्टच्या अखेरीस सामने सुरू होतात, बहुधा शुक्रवारी संध्याकाळी. सुरुवातीचे काही सामने गटाबाहेरच्या शाळांशी असतात. त्यांत संघाचा सराव होतो, पण पुढच्या फेरीच्या हिशोबात ते धरत नाहीत. ऑक्टोबरमध्ये गटातले साखळी सामने लागतात आणि खरी चुरस तिथून सुरू होते.

बाद फेरीचे गणित

मोठ्या शाळांच्या गटातून चार संघ पुढे जातात. सहा गड्यांच्या गटातून फक्त दोन. गटात चार-पाच शाळा असतील तर संघाच्या वाट्याला गटातले तीन-चारच सामने येतात. त्यांतला एक हरला तरी आशा राहते. दोन हरले की बहुतेक वेळा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गणवेश धुऊन परत द्यायचे. दोन संघांची बरोबरी झाली तर एकमेकांविरुद्ध काय झाले ते बघतात. म्हणून सप्टेंबरमध्ये सलग पाच सामने जिंकलेला संघ बाहेर राहू शकतो, आणि सुरुवातीला मार खाल्लेला संघ आत जाऊ शकतो.

प्रत्येक विभागात ३२ संघ बाद फेरीला येतात. ३२ चे १६, १६ चे ८, ८ चे ४, ४ चे २ आणि शेवटी एक, अशा पाच फेऱ्या. नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत दर आठवड्याला एक. एकदा हरला की घरी. राज्य मोठे आणि गावे लांबलांब, म्हणून दोन्ही शाळा मिळून मधल्या एखाद्या गावाचे मैदान ठरवतात. अलीकडच्या वर्षांत अंतिम सामना अर्लिंग्टन येथे, डॅलस काउबॉइज या व्यावसायिक संघाच्या मैदानावर होतो. त्या मैदानात सुमारे ऐंशी हजार माणसे बसतात. गावाची वस्ती काही शेकड्यांत आणि पोर खेळते ऐंशी हजारांच्या मैदानात!

कोणता संघ पुढे जाईल, हे ओळखायचे असेल तर नुसते जिंकल्या-हरल्याचे आकडे बघून भागत नाही. बाकावर किती पोरं बसली आहेत, हे आधी मोजावे. काही शाळांकडे आठ-नऊच खेळाडू असतात. तीच पोरं चढाईला, तीच बचावाला. दोघांचे पाय मुरगळले की संघ अडचणीत. सहा गडी उभे राहत नसतील तर सामना सोडावा लागतो, आणि कधीकधी अख्खा मोसम अर्ध्यावर टाकून द्यावा लागतो.

दुसरी गोष्ट प्रगतिपुस्तकाची. टेक्सासने १९८४ मध्ये कायदा केला की जो विद्यार्थी विषयात नापास, त्याला खेळायला बंदी. उत्तीर्ण व्हायला शंभरात सत्तर गुण लागतात. चाळीस खेळाडूंच्या संघात एक पोरगा गणितात गेला तर दुसरा उभा करता येतो. आठ जणांच्या संघात मात्र त्या एका गणिताच्या पेपरावर सगळ्या गावाचा शुक्रवार अवलंबून असतो.

कापसाच्या रानातली शाळा

पश्चिम टेक्सासमध्ये लबक शहराच्या भोवती मैलोनमैल कापूस आहे. अमेरिकेत सर्वांत जास्त कापूस टेक्सासमध्ये पिकतो. बाद फेरीचे सामने आणि कापसाचा हंगाम एकाच वेळी येतात. आपल्याकडे वेचणीला मजूर शोधत फिरावे लागते. तिकडे सगळे काम यंत्रावर. त्यामुळे एका कुटुंबाची जमीन वाढत गेली आणि गावातली घरे कमी होत गेली. जमिनीखालच्या ओगालाला जलसाठ्याची पातळीही वर्षानुवर्षे खाली चालली आहे. २०२२ च्या दुष्काळात तर टेक्सासमधला पेरलेला निम्म्याहून अधिक कापूस काढणीआधीच सोडून द्यावा लागला.

शेतीत घडले ते पाठोपाठ शाळेच्या पटावर उमटते. काल अकरा गड्यांचा खेळ खेळणारी शाळा आज सहा गड्यांवर आली, असे तिकडे अनेक गावांत झाले आहे. अकराच्या संघाची सवय झालेल्या जुन्या माणसांना ते जड जाते. पण पोरं खेळत राहतात. शुक्रवारी गावातले लोक मैदानावर जमतात, पालक खाण्याचे दुकान लावतात आणि त्या पैशातून संघाचा खर्च भागवायला हातभार लागतो. माझ्या मते इथली खरी कमाई करंडकाची नाही. आठवड्यातून एकदा गाव एकत्र येते, ही ती कमाई.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. सहा गड्यांच्या खेळाने शाळा वाचतातच असे नाही. पट फारच खाली गेला तेव्हा तिकडच्याही कित्येक शाळा शेजारच्या शाळेत मिसळल्या. खेळ म्हणजे पाऊस नव्हे. तो फार तर आच्छादन. आहे ती ओल धरून ठेवतो.

आपण काय घ्यावे

आपल्या राज्यात सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्यासाठी प्रस्ताव मागवले, तेव्हा अशा शाळांचा आकडा चौदा हजारांच्या पुढे होता. शाळा ठेवायची की मिसळायची, हा मोठा विषय आहे आणि त्यावर सरपंच, पालक आणि शाळा व्यवस्थापन समिती यांनी बोललेच पाहिजे. पण तोपर्यंत पोरांनी हात बांधून का बसावे?

शासकीय स्पर्धांचे नियम आपण बदलू शकत नाही. मात्र यात्रेतले, गणेशोत्सवातले आणि सव्वीस जानेवारीचे सामने गावाच्याच हातात असतात. तिथे पाच-पाच गड्यांची कबड्डी लहान मैदानावर लावता येईल. दोन वाड्यांचा किंवा दोन गावांचा मिळून एक संघ करता येईल. केंद्रातल्या चार-पाच शाळांनी एकदाच भेटून संपण्याऐवजी दर पंधरा दिवसांनी एक असे साखळी सामने ठेवले, तर हरलेल्या पोराला पुढच्या पंधरवड्याची वाट बघता येईल. तारखा धरताना सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी तेवढी सांभाळा, म्हणजे आईबापही बघायला येतील.

मैदान नाही अशी सबब पुढे येईल. सहा गड्यांच्या त्या खेळालाही साडेसव्वीस गुंठेच लागतात. आपल्या कबड्डीला तर त्याहून खूपच कमी जागा पुरते. येत्या ग्रामसभेत शाळेचा पट विचाराल, तेव्हा आणखी एक प्रश्न विचारा : त्यातली किती पोरं यंदा मैदानावर उतरली?