मणी वितळवा, पण स्वयंपाकघराबाहेर!

रुखवतात मांडायला रंगीत काचेसारखी लटकनं हवीत? प्लॅस्टिकच्या मण्यांची छान होतात. पॉलिस्टायरिनचे पारदर्शक मणी केकच्या अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात एका थरात पसरा. ओटीजी २०० अंशांवर तापवून भांडं १५-२० मिनिटं आत ठेवा. मणी एकमेकांत मिसळून सपाट झाले की बाहेर काढा. पूर्ण गार झाल्यावर चकती सहसा आपसूक सुटते.

पण मैत्रिणींनो, हा उद्योग स्वयंपाकघरात नको, हे मी आग्रहाने सांगेन. तापलेल्या पॉलिस्टायरिनमधून स्टायरिनची वाफ निघते. तिने डोळे चुरचुरतात, डोकं दुखतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये स्टायरिनला 'बहुधा कर्करोगकारक' ठरवलं. म्हणून एखादा जुना ओटीजी याच कामाला ठेवा आणि गच्चीवर किंवा उघड्या ओसरीत लावा. त्यात, त्या भांड्यात पुन्हा केक-नानकटाई करायची नाही. गरोदर बायका, लहान मुलं, दमेकरी लांबच बरे.

पुडीवर प्लॅस्टिकचं नाव नसेल तर मणी वितळवूच नका. पीव्हीसी निघालं तर तापल्यावर आम्लाचा वायू सोडतं. त्या मण्यांचं आपलं तोरण ओवावं!

वितळलेलं प्लॅस्टिक हातावर चिकटलं तर ओढू नका. २० मिनिटं नळाच्या गार पाण्याखाली हात धरा, मग डॉक्टरांकडे जा.

वेगळा ओटीजी जमत नसेल, तर ही हौस राहू द्या. रुखवत एका दिवसाचं, फुप्फुसं जन्माची!