तेरावं नसतं, मग दुःख फिटतं कधी?



१६ जून ते १५ ऑगस्ट आपली मासेमारी बंद. जाळी दुरुस्त करताना ओट्यावर गप्पा होतात. यंदा दोघा-तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. आपल्या सभासदांत जी ख्रिस्ती घरं आहेत, त्यांच्यात कोणी गेलं तर दहावं नाही, तेरावं नाही. मग त्यांचं दुःख फिटतं तरी कसं?

मी स्वतः ख्रिस्ती नाही. पण विचारून आणि वाचून जे कळलं ते लिहितोय. तापीवर रोज माणूस पाठवणाऱ्या घरांत हा प्रश्न कुणाच्याही दारात येऊ शकतो.

दिवस त्यांच्यातही असतात. कॅथलिक घरांत सातव्या दिवशी, महिन्याने, वर्षाने मिस्सा ठेवतात. दरवर्षी २ नोव्हेंबरला कबरीवर फुलं आणि मेणबत्त्या नेतात. प्रोटेस्टंट घरांत मंडळीचे लोक घरी येऊन प्रार्थना करतात, गाणी म्हणतात. पण अमुक दिवसानंतर दुःख संपलं असं कुणी म्हणत नाही. आपल्यातही तेराव्यानंतर ते संपतं का? पाहुणे जातात एवढंच.

आणि रडायला मनाई नाही. आपण लगेच म्हणतो, देवाची मर्जी, आता रडू नको. बायबलमध्ये लाजराची गोष्ट आहे. त्याला कबरीत ठेवून चार दिवस झाले होते. येशू त्याला उठवणार होता, तरी बहिणींचं रडणं पाहून तो स्वतः रडला. म्हणजे विश्वास असलेल्या माणसाने डोळे कोरडे ठेवावेत असं काही नाही.

दुसरी गोष्ट तर आपल्याच धंद्यातली. येशूचे बरेच शिष्य मासेमारी करणारे. तो गेल्यावर पेत्र सरळ म्हणाला, मी मासे धरायला जातो. बाकीचेही नावेत बसले. रात्रभर जाळं रिकामं. पहाटे काठावर कोणीतरी उभा दिसला, त्याने उजवीकडे जाळं टाकायला सांगितलं आणि १५३ मोठे मासे लागले. काठावर निखारे पेटलेले, त्यावर मासे, शेजारी भाकर. या या, जेवा, असं तो म्हणाला. तो येशूच होता, अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा. उपदेश नंतर, आधी जेवण. मला ही गोष्ट फार आवडली.

मराठी माणसांत याचा मोठा दाखला पंडिता रमाबाईंचा. १८७४ च्या सुमारास, दुष्काळात वणवण करताना त्यांचे वडील, मग आई, मग मोठी बहीण असे लागोपाठ गेले. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या. आईला खांदा द्यायला पुरती माणसं मिळाली नाहीत, म्हणून ही मुलगी स्वतः तिरडीखाली गेली. उंची कमी पडली, तर भार डोक्यावर घेतला. पुढे १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये पतीला कॉलऱ्याने नेलं, तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती.

१८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्याने सगळं दुःख धुऊन गेलं, असं त्या म्हणत नाहीत. पुढे कित्येक वर्षं हवी ती शांती मिळाली नव्हती, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. म्हणूनच त्यांच्यावर माझा जास्त विश्वास बसतो. श्रद्धा म्हणजे तापाची गोळी नव्हे.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. भूक काय असते हे रमाबाईंना सांगायला नको होतं. त्या इकडे आल्या, शेकडो निराधार मुली आणि विधवांना घेऊन गेल्या आणि पुण्याजवळ केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. जबलपूरहून मुंबईकडे जाणारी रेल्वे तेव्हाही आपल्या बऱ्हाणपूरवरूनच जायची.

आता आपलं काम. ज्या घरात माणूस गेलाय तिथे, घर कोणत्याही धर्माचं असो, प्रश्न विचारत बसू नका. जेवणाचा डबा न्या. नदीत अपघात झाला असेल तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला यांसाठी घरच्या बाईला फिरू देऊ नका. दोन सभासदांनी ते अंगावर घ्या. मत्स्य संपदा योजनेच्या सामूहिक अपघात विम्यात मृत्यूसाठी ५ लाख रुपये आहेत, पण त्यासाठी नाव आधी नोंदलेलं लागतं. ज्यांची नोंद राहिलीय त्यांनी बंदी उठायच्या आत कार्यालयात या. आणि महिना-दीड महिन्याने परत त्या घरी जा, कारण तोवर बाकी सगळे येणं बंद करतात.

रमाबाईंची मनोरमा आईचाच कारभार पाहत होती. ती जुलै १९२१ मध्ये गेली. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या, हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणत होत्या. लेक गेल्यावरही ते काम त्यांनी सोडलं नाही, तडीस नेलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या. मुक्ती सदनातल्या बायकांनी ते पुस्तक आपल्याच छापखान्यात छापलं.

— सचिव