रक्त परत येते तेव्हा

हृदयाच्या रोहिणीत रक्ताची गुठळी अडकली आणि डॉक्टरांनी ती वाट मोकळी केली, की संकट टळले असे आपण समजतो. बव्हंशी ते खरे आहे. अडलेले रक्त लवकरात लवकर सोडणे याहून मोठा उपाय नाही. पण मोठी वाहिनी उघडली म्हणजे पुढच्या बारीक वाहिन्यांत रक्त शिरतेच असे नाही!

या बारीक वाहिन्या म्हणजे केशवाहिन्या. त्यांचा व्यास साधारण ५ ते १० मायक्रॉन. म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भागही पुरता नाही. तांबडी रक्तपेशी ७-८ मायक्रॉन रुंद. तिला अंग चोरूनच पुढे सरकावे लागते. मग वाहिनीची भिंत जराशी सुजली तर काय होईल, सांगा बरे?

१९७४ साली क्लोनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या हृदयाची एक रोहिणी ४० मिनिटे बंद ठेवून उघडली. त्यांनी सोडलेला रंग सगळीकडे पोचला. दुसऱ्या कुत्र्यांत ती ९० मिनिटे बंद ठेवली, तेव्हा हृदयाच्या आतल्या थरात जागोजागी रंग पोचलाच नाही. तेथील केशवाहिन्यांच्या पेशी फोड आल्यासारख्या फुगल्या होत्या.

कोरड्या पाटात एकदम पाणी सोडले की बांध फुटतो, तसेच हे असेल असे तुम्हाला वाटेल. पण येथे नुसत्या जोराचा दोष नाही. रक्त थांबले असताना पेशींतील ऊर्जाद्रव्य मोडून त्याचे अवशेष साचतात. प्राणवायू परत येताच झँथिन ऑक्सिडेज या विकरामुळे त्या अवशेषांपासून सुपरऑक्साइडसारखे उपद्रवी कण तयार होतात आणि पेशींच्या पातळ आवरणावर तुटून पडतात. पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटतात, भिंत पाझरते, सूज वाढते. ज्या प्राणवायूची वाट पाहिली, तोच असा घाव घालतो.

यावर उपाय काय? १९८६ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात एक विलक्षण गोष्ट दिसली. कुत्र्यांची रोहिणी आधी चार वेळा पाच-पाच मिनिटे बंद करून सोडली आणि मग ४० मिनिटे बंद ठेवली, तर हृदयाचा मेलेला भाग एरवीच्या चौथाईवर आला. जणू हृदयाची तालीमच झाली होती! पण माणसाला हृदयविकाराचा झटका सांगून थोडाच येतो? म्हणून रोहिणी उघडण्यापूर्वी रुग्णाच्या दंडाला पट्टा आवळून-सोडून अशी तालीम देऊन पाहिली. २०१९ साली ५,४०० हून अधिक रुग्णांवरील चाचणीचा निकाल आला. फायदा दिसला नाही.

मूत्रपिंडाच्या आरोपणात मात्र रक्त केव्हा सुरू होणार, हे आधीच ठाऊक असते. काढलेले मूत्रपिंड सुमारे ४ अंश सेल्सियसला, खास द्रावात ठेवतात. विस्कॉन्सिन विद्यापीठात १९८० च्या दशकात तयार झालेल्या अशा एका द्रावात ॲलोप्युरिनॉल असते. झँथिन ऑक्सिडेजला अडवणारे हे औषध संधिवाताच्या एका प्रकारावर, गाऊटवर, गोळ्यांच्या रूपात दिले जाते.