कॅमेरा घेतला, आता त्याच्या पायांचे काय?

चुलीला दगड तीनच का मांडायचे, हे आपल्या आज्यांना कोणत्या शाळेने शिकवले नव्हते. जमीन कितीही उंचसखल असली तरी तीन टेकू डुगडुगत नाहीत. चौथा ठेवला की एखादा तरी अधांतरी राहतो. कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडमागे, म्हणजे आपण ज्याला सरळ ‘स्टँड’ म्हणतो त्यामागे, हेच साधे शास्त्र आहे.

आज कष्टकऱ्यांच्या घरांतही हौशी छायाचित्रकार तयार होत आहेत. कुणी बोनसच्या पैशांतून, कुणी भिशीतून, तर कुणी हप्त्यावर कॅमेरा घेतो. पण कॅमेऱ्यासाठी महिनोन्‌महिने चौकशी करणारा हा तरुण स्टँड मात्र दुकानदार पुढे करील तो उचलतो. हजार-दीड हजारांचा तो हलका स्टँड वर्षभरात खिळखिळा होतो, मग दुसरा येतो, मग तिसरा. आणि एखाद्या दिवशी प्लॅस्टिकची पकड सुटून कॅमेरा तोंडावर आपटला, तर लेन्सचा खर्च वेगळाच. गरिबाने वस्तू एकदाच घ्यावी, पण पारखून घ्यावी, असे आमचे मत आहे. त्यासाठीच हा लेखनप्रपंच.

स्टँड हवाच कशाला?

१८३८ साली पॅरिसमध्ये लुई दागेर यांनी खिडकीतून एका वर्दळीच्या रस्त्याचा फोटो घेतला. फोटोत तो रस्ता ओस दिसतो. कारण तेव्हा चित्र उमटायला काही मिनिटे लागत. चालती माणसे आणि घोडागाड्या उमटल्याच नाहीत. उमटला तो एका जागी उभा राहून बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस आणि त्याच्या पायाशी बसलेला पॉलिशवाला. माणूस दिसणारा हा आज माहीत असलेला सर्वांत जुना फोटो मानला जातो. कुण्या राजाच्या आधी फोटोत आला तो एक कामकरी!

त्या फोटोतला धडा आजही लागू आहे. प्रकाश कमी असला की कॅमेऱ्याची झडप, म्हणजे शटर, जास्त वेळ उघडे राहते आणि तेवढ्या वेळात हात हलला तर फोटो पुसट येतो. जुन्या छायाचित्रकारांचा एक ठोकताळा आहे: लेन्स जितक्या मिलिमीटरची, सेकंदाच्या तितक्याव्या भागाहून शटर सावकाश नको. आपल्याकडे हौशी लोक वापरतात त्या लहान सेन्सरच्या कॅनन कॅमेऱ्यांत त्या आकड्याला १.६ ने गुणावे. म्हणजे २५० मिलिमीटर लेन्सला सेकंदाचा ४००वा भाग हवा. ट्यूबलाइटच्या उजेडात, सभागृहात, संध्याकाळी एवढा वेग मिळणे कठीण. लेन्समधली कंप आवरण्याची सोय थोडीफार मदत करते, पण अर्धा-एक सेकंद शटर उघडे ठेवायचे असेल तर भरवसा स्टँडचाच.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. स्टँड कॅमेऱ्याला स्थिर करतो, समोरच्याला नाही. नाचणारे मूल स्टँडवरूनही पुसटच येईल.

आधी वजनाचा हिशेब

ट्रायपॉडचे दोन भाग असतात: खालचे पाय आणि वरचे हेड. स्वस्त मालात दोन्ही कायमचे जोडलेले असतात. एक बिघडले की सगळेच भंगारात. बऱ्या मालात हेड पिळून वेगळे काढता येते. आज पाय घ्यावेत, हेड साधे घ्यावे आणि पुढे हाती पैसा आल्यावर फक्त हेड बदलावे, अशी सोय त्यात असते. दुकानात पहिला प्रश्न हाच विचारावा.

आता वजन. कॅनन १५००डी हा कॅमेरा बॅटरी आणि कार्डासह ४७५ ग्रॅमचा आहे. त्याची १८-५५ ची लेन्स सुमारे २०० ग्रॅमची. एकूण झाले ६७५ ग्रॅम. ५५-२५० ची लांब लेन्स लावली तर ८५० ग्रॅमपर्यंत जाते. स्टँड किती भार पेलतो हे मोजण्याची सर्व कंपन्यांची पद्धत एकच नसते. म्हणून खोक्यावरचा आकडा आपल्या वजनाच्या निदान तिप्पट असावा. इथे अडीच किलो तरी. पायांचा आकडा वेगळा आणि हेडचा वेगळा दिला असेल, तर दोहोंतला कमी तोच खरा धरावा.

पाय पारखताना

उंचीचेही गणित आहे. साडेपाच फूट माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १५५ सेंटिमीटरवर असतात. हेड आणि कॅमेऱ्याचा वरचा भाग मिळून वीसेक सेंटिमीटर धरले, तर पाय १३५ सेंटिमीटरपर्यंत उंच व्हायला हवेत, आणि तेही मधला दांडा वर न काढता. हा मधला दांडा म्हणजे एका पायावर उभा राहिलेला माणूस. तो वर काढला की तीन पायांची स्थिरता गेली! जाहिरातीत दिलेली उंची पुष्कळदा दांडा पूर्ण वर काढून मोजलेली असते, हे विसरू नये.

पाय तीन, चार किंवा पाच टप्प्यांत उघडतात. टप्पे जास्त तर मिटलेला स्टँड आखूड, लोकलच्या गर्दीत न्यायला सोपा. पण शेवटची नळी बारीक, म्हणून थरथर अधिक. घरगुती कामाला तीन किंवा चार टप्पे पुरे. पाय अडकवायला खटके असतात किंवा पिळाच्या कड्या. खटका बसला की नाही ते नुसत्या नजरेने कळते. नवशिक्याला तो बरा.

धातूत ॲल्युमिनियम स्वस्त आणि मजबूत. कार्बन फायबर हलके, शिवाय कंप लवकर शमवणारे. गित्झो या मूळच्या फ्रेंच कंपनीने १९९४ साली ते ट्रायपॉडमध्ये पहिल्यांदा आणले. पण त्याची किंमत दांडगी. दिवसभर डोंगर चढायचा नसेल तर ॲल्युमिनियमच घ्यावे; दीड-दोन किलोचा स्टँड काही अवजड नव्हे. उलट फार हलका स्टँड वाऱ्यात हलतो.

हेड कोणते?

हेडचे मुख्य प्रकार तीन. तीन दांड्यांचे हेड वर-खाली, डावी-उजवीकडे आणि तिरपे असे एका वेळी एकाच दिशेला हलवता येते. काम सावकाश, पण नेमके. बसून काढायचे ग्रुप फोटो, इमारती, जुन्या कागदपत्रांच्या प्रती यांना हे उत्तम. दुसरे गोळ्याचे, म्हणजे बॉल हेड. एक मूठ सैल केली की कॅमेरा हवा तिकडे वळतो. आकाराने लहान, प्रवासाला सोयीचे. पण गोळा हलक्या प्रतीचा असेल तर कसल्यानंतरही कॅमेरा मान टाकतो. तिसरे फ्लुइड हेड, व्हिडिओसाठी. त्यातले दाट वंगण हालचाल संथ ठेवते, त्यामुळे भाषण किंवा नाटक चित्रित करताना धक्के बसत नाहीत. ज्याचे निम्मे काम व्हिडिओचे आहे, त्याने हेच घ्यावे.

कॅमेऱ्याखाली जो स्क्रू बसतो तो पाव इंची असतो. पाय आणि हेड यांच्यामधला बहुधा तीन अष्टमांश इंची. ही मापे जगभर चालतात, म्हणून एका कंपनीचे हेड दुसऱ्या कंपनीच्या पायांवर बसते. मोबाइलची पकडही पाव इंची स्क्रूवर लावता येते. कॅमेरा झटपट काढण्याची जी पट्टी मिळते, ती मात्र सर्वत्र मिळणाऱ्या अर्का-स्विस घाटाची घ्यावी. वेगळ्याच घाटाची पट्टी हरवली, तर तिच्यावाचून सगळा स्टँड निकामी.

दुकानातली परीक्षा

मुंबईत फोर्टातल्या बोराबाजारात जा नाहीतर आपल्या तालुक्याच्या गावी, स्टँड खोक्यात बघून घेऊ नये. आपला कॅमेरा सोबत न्यावा. स्टँड पूर्ण उंच करून माथ्यावर तळहाताने दाबावे. पाय वाकता कामा नयेत. माथा धरून पिळून बघावा. लेन्स खाली झुकवून हेड कसावे आणि मिनिटभर थांबावे; चित्राची चौकट खाली घसरली तर ते हेड परत करावे. शेवटी कॅमेऱ्याच्या पडद्यावर दूरची पाटी मोठी करून पायाला टिचकी मारावी. थरथर जितक्या लवकर थांबेल तितका स्टँड चांगला.

वापरतानाही शिस्त हवी. आधी जाड नळ्या उघडाव्यात, बारीक शेवटी. एक पाय लेन्सच्या दिशेला असावा, म्हणजे कॅमेरा पुढे कलंडत नाही. मधल्या दांड्याला आकडा असेल तर पिशवी अडकवावी. दोन सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. कंप आवरण्याची सोय स्टँडवर बंद ठेवणे बहुधा बरे. कार्ले, कान्हेरी, अजिंठा अशा पुरातत्त्व खात्याच्या लेण्यांत ट्रायपॉड लावायचा तर आधी परवानगी काढावी. नाहीतर दारातूनच परत यावे लागते.

आणि नवा स्टँड आला की पहिले काम कोणते करावे? आपल्या पुष्कळ घरांत आजोबा-पणजोबांचा एकुलता एक फोटो आहे. कोपरे खाल्लेला, ओलीने डाग पडलेला. तो खिडकीजवळ, थेट ऊन लागणार नाही असा उभा ठेवावा. काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नये, काचेसकटच घ्यावा. कॅमेरा त्याच्या अगदी समोर, समांतर लावावा, आयएसओ १०० ठेवावा आणि शटर सावकाश चालू द्यावे. आजोबा आता पुन्हा फोटोला बसणार नाहीत. येता पावसाळा त्या कागदाला लागण्याआधी, येत्या रविवारीच हे काम उरकून घ्यावे.