शहराचे स्वयंसेवी पर्यावरण आयोग : सल्ल्याला वजन कशाने येते?

ज्या मंडळाकडे स्वतःचे अंदाजपत्रक नाही, कर्मचारी नाहीत आणि कोणतेही काम थांबवण्याचा किंवा सुरू करण्याचा अधिकार नाही, ते मंडळ एखाद्या शहराच्या पाण्यात, विजेत, कचऱ्यात फरक पाडू शकते का? पर्यावरण अभ्यासाच्या पाठ्यपुस्तकांत 'लोकसहभाग' हा शब्द वारंवार येतो, पण तो प्रत्यक्षात कसा चालतो हे क्वचितच सांगितले जाते. या पाठात आपण त्याचा एक नमुना जवळून पाहू.

अमेरिकेतल्या अनेक शहरांत पर्यावरण किंवा शाश्वतता या विषयावर नागरिकांचे सल्लागार आयोग असतात. 'आयोग' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे निवृत्त न्यायमूर्ती, जाडजूड अहवाल आणि मुदतवाढ येते. इथे तसे नाही. सिटी कौन्सिल (काही ठिकाणी महापौर) नागरिकांकडून अर्ज मागवते आणि मोजक्या लोकांना ठराविक मुदतीसाठी नेमते. त्यांना पगार नसतो. बैठक बहुधा महिन्यातून एकदा आणि संध्याकाळी होते, कारण दिवसा सदस्यांना आपापली नोकरी असते. शहराचा एखादा अधिकारी सचिवाचे काम पाहतो. आयोग चर्चा करतो, ठराव करतो आणि तो कौन्सिलकडे शिफारस म्हणून पाठवतो. कौन्सिलने तो मानलाच पाहिजे असे बंधन नाही.

उदाहरण म्हणून कॅलिफोर्नियातले सांता मोनिका घेऊ. पश्चिमेला प्रशांत महासागर, उरलेल्या तिन्ही बाजूंना लॉस एंजेलिस. क्षेत्रफळ जेमतेम २२ चौरस किलोमीटर, लोकवस्ती ९० हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडच्या मध्यम नगरपालिकेएवढे गाव. निवडून आलेल्या सात सदस्यांचे कौन्सिल धोरण ठरवते आणि कौन्सिलने नेमलेला सिटी मॅनेजर कारभार चालवतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला या शहरात पर्यावरण कृतिगट काम करू लागला. त्यात विषयाची जाण असलेले स्वयंसेवक होते. त्यांनी शहरासाठी एक एकत्रित कार्यक्रम सुचवला आणि १९९४ मध्ये कौन्सिलने तो स्वीकारला. साधनसंपत्तीची बचत, वाहतूक, प्रदूषण प्रतिबंध व सार्वजनिक आरोग्य, आणि समाज व अर्थव्यवस्थेचा विकास असे त्याचे चार भाग होते.

माझ्या मते या कार्यक्रमातली खरी ताकद या चार मथळ्यांत नाही, असे मथळे कोणीही लिहू शकतो. ताकद होती ती मोजमापात. प्रत्येक भागासाठी निर्देशक ठरवले गेले आणि २००० सालापर्यंत गाठायची लक्ष्येही जाहीर झाली. सल्लागाराने 'पाणी जपून वापरा' असे सांगितले तर अधिकारी मान डोलावतो आणि विषय संपतो. पण 'अमुक वर्षापर्यंत वापर इतका खाली आणू' असे कौन्सिलनेच मान्य केले, की दरवर्षी आकडा विचारता येतो आणि विचारणाऱ्याला अधिकारपदाची गरज राहत नाही. पुढे शहराने शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखा, श्रेणी देणारा अहवालही काढायला सुरुवात केली. नागरिकांना सरासरी आणि टक्केवारी समजायला वेळ लागतो, 'सी' श्रेणी लगेच समजते.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी इथे थोडे थांबावे, कारण निर्देशक निवडणे हे वाटते तितके सोपे नाही. पाण्याचेच घ्या. आपल्याकडे शहरांसाठी सहसा माणशी दिवसाला १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. पण भागाकारात खाली कोणती लोकसंख्या घ्यायची? सांता मोनिका हे पर्यटनाचे गाव. हॉटेलांत राहणारे पाणी वापरतात, पण जनगणनेत नसतात. माणशी आकडा घेतला तर पर्यटक वाढल्याचा दोष रहिवाशांवर येतो. एकूण आकडा घेतला तर लोकसंख्या वाढली म्हणून चांगले काम करणारे शहरही नापास ठरते. हवेचा प्रश्न याहून अवघड आहे. देशाच्या पूर्व टोकाच्या राज्याकडून निघालेला हमरस्ता कुठे ना कुठे संपायचाच. लॉस एंजेलिसमधून येणारा दहा क्रमांकाचा आंतरराज्य महामार्ग सांता मोनिकात संपतो. त्यावरच्या गाड्यांचा धूर कोणाच्या खात्यात मांडायचा? या प्रश्नांना एकच बरोबर उत्तर नसते. म्हणूनच ते खात्याच्या बंद खोलीत न सुटता उघड्या बैठकीत वादले गेलेले बरे.

आता स्वतंत्र मंडळ हवेच कशाला, शहराकडे अभियंते आहेतच की, असा प्रश्न येईल. त्याचे उत्तर याच शहराच्या विहिरींनी दिले. १९९६ मध्ये सांता मोनिकाला पिण्याच्या पाण्याच्या विहिरी बंद कराव्या लागल्या आणि शहराचा सुमारे निम्मा पुरवठा गेला. पाण्यात एमटीबीई, म्हणजे मिथाइल टर्शरी ब्युटाइल ईथर, सापडले होते. हे रसायन पेट्रोलमध्ये मिसळले जात होते ते चांगल्या हेतूने: त्यातल्या ऑक्सिजनमुळे इंधन अधिक पूर्ण जळते आणि कार्बन मोनॉक्साइड कमी होतो. १९९० च्या स्वच्छ हवा कायद्यातल्या दुरुस्त्यांनंतर त्याचा वापर आणखी वाढला. पण पेट्रोलचे इतर घटक मातीला धरून बसतात, तसे एमटीबीई बसत नाही. ते पाण्यात सहज विरघळते, भूजलाबरोबर लांब जाते, सावकाश विघटित होते आणि अगदी अल्प प्रमाणातही पाण्याला टर्पेंटाइनसारखा वास व चव आणते. जमिनीखालच्या पेट्रोलच्या टाक्या आणि नळ गळत होते. एवढे पुरेसे झाले. शहर बाहेरून आणलेल्या पाण्यावर आले, तेल कंपन्यांशी दीर्घ कायदेशीर लढा झाला आणि शुद्धीकरणाची सोय होऊन त्या विहिरींचे पाणी पुन्हा मिळायला साधारण २०११ उजाडले.

हवेचे खाते हवेपुरते बरोबर होते आणि पाण्याच्या खात्याला विचारायचे कोणाला सुचले नाही. हा निर्णय शहराच्या पातळीवरचा नव्हता हे खरे, त्यामुळे स्थानिक कृतिगटाने तो टाळला असता असे म्हणता येणार नाही. पण खात्यांच्या भिंती कुठे महागात पडतात हे यातून दिसते. रसायनशास्त्रज्ञ, वास्तुविशारद, वकील आणि दुकानदार एका टेबलाशी बसले, की 'मग पाण्याचे काय?' असे विचारणारे निदान एकजण तरी असते.

याच काळात शहराने आणखी दोन गोष्टी केल्या. १९९९ मध्ये आपल्या सर्व महापालिका इमारतींसाठी पूर्णपणे नवीकरणीय स्रोतांची वीज विकत घेणारे ते अमेरिकेतले पहिले शहर ठरले. कॅलिफोर्नियाचा वीजबाजार नुकताच खुला झाला होता, म्हणून हे शक्य झाले. मग समुद्रातल्या धक्क्याजवळ एक छोटा प्रकल्प उभा राहिला. पाऊस नसताना गटारांतून समुद्राकडे वाहणारे रस्त्यांचे, बागांचे पाणी तो गाळून आणि अतिनील किरणांनी निर्जंतुक करून झाडांना व शौचालयांना देतो. क्षमता दिवसाला सुमारे १९ लाख लिटर.

बैठका कशा चालतात हेही पाहिले पाहिजे. कॅलिफोर्नियात १९५३ चा ब्राउन कायदा आहे आणि तो अशा सल्लागार मंडळांनाही लागू होतो. नियमित बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते. तिच्यावर नसलेल्या विषयावर सहसा निर्णय घेता येत नाही. कोणत्याही नागरिकाला बोलण्याची संधी द्यावी लागते. सदस्यांच्या बहुमताने बैठकीबाहेर, अगदी ईमेलच्या साखळीनेही, विषय आपसांत ठरवून टाकणे बेकायदा आहे. सात जणांच्या मंडळातल्या चौघांनी चहा पिताना शहराच्या कचऱ्याविषयी बोलायचे नाही, हे आपल्याला विचित्र वाटेल. काम यामुळे मंदावतेही. पण दिलेला सल्ला तारखेसह नोंदला जातो आणि कौन्सिलने तो बाजूला ठेवला तर तेही सर्वांना दिसते.

या पद्धतीत दोष आहेत. बिनपगारी काम संध्याकाळी करायला कोणाला परवडते? सुशिक्षित, घरमालक, निवृत्त लोकांना. दोन पाळ्यांत काम करणारी भाडेकरू बाई तिथे पोहोचत नाही. मग 'पर्यावरण' या नावाखाली आपल्या गल्लीत नवी घरे नकोत, असा सूर निघू शकतो. सांता मोनिकाच्या योजनेची २००३ मध्ये फेररचना झाली, तेव्हा उद्दिष्टे आठ झाली आणि त्यांत घरे व मानवी प्रतिष्ठा यांना जागा मिळाली. पुढे मंडळाच्या नावातही 'पर्यावरणीय न्याय' हे शब्द आले. नाव बदलल्याने टेबलाभोवतीचे लोक बदलतातच असे नाही, पण अर्ज निवडताना विचारायला एक आधार मिळतो.

भारतात काय आहे? १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी वनीकरण व पर्यावरण संरक्षण हा विषय नगरपालिकांकडे देण्याजोगा म्हणून नोंदला आहे. तीन लाख किंवा अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या अपेक्षित आहेत. जैवविविधता अधिनियम, २००२ च्या कलम ४१ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. महाराष्ट्रात महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७-अ प्रमाणे आयुक्तांना दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरणस्थितीचा अहवाल सभागृहापुढे ठेवावा लागतो. याच राज्यात १९७५ च्या कायद्याने स्थापन झालेली वृक्ष प्राधिकरणे आहेत. त्यांना मात्र फक्त सल्लागार म्हणता येणार नाही, कारण झाड तोडण्याची परवानगी देण्या-नाकारण्याचा अधिकार त्यांच्याकडे आहे. म्हणूनच त्यांचे निर्णय न्यायालयापर्यंत जातात. आपल्याकडे कायदे आणि समित्या कमी नाहीत. त्यांच्या बैठकीत काय झाले हे कळणे कठीण आहे.

त्यासाठी माहिती अधिकार अधिनियम, २००५ मधले कलम ४(१)(ख)(आठ) वाचा. सल्ला देण्यासाठी नेमलेली मंडळे व समित्या कोणत्या, त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का आणि इतिवृत्ते पाहायला मिळतात का, हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने कोणी न मागताच जाहीर करायचे आहे.

स्वाध्याय : आपल्या शहराच्या संकेतस्थळावर ही माहिती शोधा. नसेल तर अर्ज करून जैवविविधता समितीच्या शेवटच्या तीन बैठकींची इतिवृत्ते मागवा. प्रत्येक ठरावापुढे चार रकाने आखा: त्यात मोजता येणारा आकडा आहे का, मुदत आहे का, कोणत्या खात्याने उत्तर दिले, आणि पुढच्या बैठकीत त्याचा उल्लेख आला का.