दुखऱ्या जागी प्रश्न विचारताना

नैराश्य तपासायच्या प्रश्नावलीत नऊ प्रश्न असतात. गेल्या दोन आठवड्यांत कशातच मन लागलं नाही, असं किती दिवस झालं? झोप कशी? भूक? प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. बेरीज जास्तीत जास्त २७. नववा प्रश्न सगळ्यांत अवघड: आपण मेलेलं बरं, असं मनात येतं का? ब्लड प्रेशरच्या गोळ्या न्यायला आलेल्या बाईला ओपीडीच्या बाकावर हे कुणी विचारलं, तर तिला काय वाटत असेल?

गोव्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. १९९६ साली डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या ‘संगाथ’ संस्थेने मानसोपचारांच्या जगभर नावाजलेल्या चाचण्या इथल्याच दवाखान्यांत घेतल्या. पहिल्या मोठ्या चाचणीत ४५० रुग्ण होते. २००३ मध्ये निकाल आला: दोन महिन्यांनी औषधाचा गुण दिसला, पण समुपदेशन मात्र नकली गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. अपयश असं उघड छापणाऱ्या संशोधकांवर माझा विश्वास जरा जास्तच बसतो.

पुढे पद्धत बदलली. २०१३ ते २०१५ या काळात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण निवडले गेले. निम्म्यांना मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण खास प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांकडून सहा ते आठ बैठका. उरलेल्यांना फक्त केंद्राच्या डॉक्टरांचे नेहमीचे उपचार, मात्र डॉक्टरांना प्रश्नावलीचे गुण कळवलेले. तीन महिन्यांनी पहिल्या गटातले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्यातले ३९ टक्के. ही चाचणी आघातग्रस्तांसाठी म्हणून आखलेली नव्हती, तरी आघात त्यात होताच. नवऱ्याकडून मारहाण होत असल्याचं सांगणाऱ्या बायकांचं प्रमाण समुपदेशनाच्या गटात कमी निघालं. मारहाण कमी झाली की सांगणं, ही शंका रास्त आहे. तरी मारहाणीबद्दल विचारलं गेलं, ही गोष्ट लहान नव्हे.

कारण न विचारण्याकडेच आपला कल असतो. ‘कशाला जुन्या जखमेवरची खपली काढायची?’ अपघात, बलात्कार, घरातली आत्महत्या असं काही सोसलेल्या माणसाला संशोधनापासून दूर ठेवणं हेच त्याचं रक्षण, असं नीतिसमित्यांनाही पुष्कळदा वाटतं. २०१५ मध्ये अमेरिकी संशोधकांनी सुमारे ७४ हजार सहभागींवरचे अभ्यास एकत्र करून ही समजूत तपासली. सांगताना त्रास होतो, जखम ओली असेल तर जास्त होतो. पण तो बहुधा टोकाचा नसतो, आणि सहभागाचा पश्चात्ताप फार थोड्यांना होतो. आपलं म्हणणं कुणीतरी ऐकलं, ते दुसऱ्याच्या उपयोगी पडेल, याचंच अनेकांना मोल वाटतं.

खरं बोचतं ते वेगळंच, आणि त्यावर फारसं बोललं जात नाही. पहिली गोष्ट सोडतीची. कोण कोणत्या गटात जाणार, हे डॉक्टर नव्हे, संगणकाने आधीच पाडलेला क्रम ठरवतो. तसं केलं नाही तर बरं वाटलं ते उपचाराने की आपोआप, हे कळायला मार्ग नाही. पण सहभागींपैकी अनेकांना वाटतं, डॉक्टरांनी आपल्याला बघूनच गट निवडला. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ पॉल अॅपेलबॉम यांनी १९८०च्या दशकात हा गैरसमज दाखवून दिला. ज्याचं आयुष्य एका अविचारी क्षणाने उधळलं, त्याला पुन्हा नशिबाच्या सोडतीत उभं केलं जातं, आणि ‘दुसऱ्या’ गटात नाव आलं की तो मनाशी म्हणतो, इथेही मीच नको झालो.

दुसरी गोष्ट परक्या चेहऱ्याची. काही महिन्यांनी तेच प्रश्न घेऊन नवं माणूस येतं. रुग्ण कोणत्या गटातला हे त्याला मुद्दाम सांगितलेलं नसतं, नाहीतर गुण देताना हात झुकतो. शास्त्र म्हणून चोख. पण ज्या समुपदेशकापाशी मन मोकळं केलं, त्याचं नाव या माणसापाशी काढायचं नाही, हे रुग्णाला कुणीतरी नीट समजावावं लागतं.

आणि गाव. पेडण्यात किंवा डिचोलीत आरोग्य केंद्राच्या बाकावर शेजारी बसलेली बाई बहुधा ओळखीची, नाहीतर नात्यातली निघते. इथे गुप्तता फॉर्मवर सही घेऊन राहत नाही. वेगळी खोली लागते, आणि दारात कुणाची गाडी थांबली याचाही विचार करावा लागतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येतं, त्याचा नेहमीच्या उपचारांवर परिणाम होता कामा नये, आणि वाचता न येणाऱ्याच्या संमतीला निःपक्षपाती साक्षीदार लागतो. प्रवासखर्च आणि बुडालेल्या रोजीची भरपाईही देता येते. तेव्हा उद्या तुमच्या केंद्रात कुणी असा फॉर्म पुढे केला, तर घाबरू नका, पण चार गोष्टी विचाराच: गट कसा ठरणार, माझं बोलणं कोण वाचणार, दुसऱ्या गटात गेलो तर काय मिळणार, आणि निकाल मला कोण सांगणार? आणि त्याआधीच कुणाशी बोलावंसं वाटलं, तर सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत उपलब्ध आहे.