चिमूटभर मीठ, मूठभर गूळ

पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू १९९० च्या तुलनेत २०१५ पर्यंत दोन-तृतीयांशाने घटवायचे, हे संयुक्त राष्ट्रांच्या सहस्रक विकास उद्दिष्टांपैकी एक. बांगलादेशाने ते गाठलं.

त्याची पायाभरणी आधीच झाली होती. १९८० च्या दशकात ‘ब्रॅक’ संस्थेच्या कार्यकर्त्या दारोदार फिरल्या. तीन बोटांच्या चिमटीतलं मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा लिटर पाणी हे मिश्रण त्यांनी आयांच्या हातूनच करवून घेतलं. एक कोटीहून अधिक घरं! गुळातल्या साखरेमुळे आतडं मीठ शोषतं, पाठोपाठ पाणीही. जुलाबाने सुकलेलं मूल सावरतं. इतका स्वस्त आणि इतका प्रभावी उपाय विरळाच.

लसीकरण, मुलींचं शिक्षण यांचाही वाटा मोठा.

हजारी १४४ बालमृत्यू २०१५ पर्यंत ३८ वर आले. २०३० साठीचं जागतिक लक्ष्य आहे २५.